सेटयूआयडीविना लिनक्स: वापरकर्त्याच्या अधिकारबदलावर नियंत्रण कसे आणावे

लिनक्सवर साध्या वापरकर्त्याने रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, काम करण्याची रुळलेली पद्धत अशी आहे: ज्या प्रोग्रामच्या फाइलवर सेटयूआयडी बिट लावलेला आहे तो चालवायचा, आणि कर्नलने त्या प्रक्रियेला चालवणाऱ्याचे नव्हे, तर फाइलच्या मालकाचे अधिकार द्यायचे. एसयू, सुडो, पासडब्ल्यूडी, माउंट हे सारे याच पद्धतीने चालतात. ही कल्पना बेल लॅब्समधील डेनिस रिची यांची. तिच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मंजूर झाले. इतक्या जुन्या पद्धतीला सोडून यंत्रणा चालवता येते का, असा प्रश्न नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना पडतो. चालवता येते. मात्र कामाचा क्रम चुकला तर आपल्याच यंत्रावर रूट होण्याची सोय राहत नाही. मी हे काम सर्व्हरवर आणि रोजच्या वापराच्या यंत्रावर केले आहे, आणि ज्या क्रमाने ते सुरळीत होते तोच क्रम पुढे दिला आहे. कमांड, फाइली आणि पर्याय यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ लिपीत, लहान अक्षरांकडे लक्ष देऊन लिहावीत.

अडचण नेमकी कुठे आहे

सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणी त्याच्या भोवतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट तो चालवणाऱ्याने ठरवलेली असते. त्याला मिळालेले अर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आधीपासून उघडे असलेले फाइल डिस्क्रिप्टर, चालू डिरेक्टरी, यूमास्क, संसाधनांच्या मर्यादा, सिग्नलांची स्थिती आणि टर्मिनल हे सगळे कमी अधिकाराच्या प्रक्रियेकडून जास्त अधिकाराच्या प्रक्रियेकडे वारशाने येते. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याने यांतील प्रत्येक गोष्टीवर अविश्वास दाखवला पाहिजे, आणि एकही सुटली तर संपूर्ण यंत्र हातचे जाते.

हे पुस्तकी भय नाही. दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवून देणाऱ्या पीकेएक्झेक या प्रोग्रामने आपल्याला निदान एक तरी अर्ग्युमेंट मिळेलच असे गृहीत धरले होते. ती त्रुटी २००९ पासून त्यात होती आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘प्वनकिट’ या नावाने जाहीर झाली. सुडोमधील ‘बॅरन सामेडिट’ ही त्रुटी २०११ मध्ये शिरली आणि जानेवारी २०२१ मध्ये उघड झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘लूनी ट्यूनेबल्स’चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे दोष कोणत्याही सेटयूआयडी प्रोग्रामचा नव्हताच. दोष होता जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या डायनॅमिक लोडरमध्ये, म्हणजे प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याच्याही आधी काम करणाऱ्या भागात, आणि वाट होती एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची. स्वतःचा कोड कितीही काळजीपूर्वक लिहिला असता तरी तो प्रोग्राम त्यातून वाचला नसता.

म्हणून सुडोऐवजी डूअ‍ॅज बसवणे किंवा रस्ट भाषेत लिहिलेले सुडो-आरएस बसवणे हा या प्रश्नाचा पुरा उपाय नव्हे. पहिल्यात कोड कमी आहे, दुसऱ्यात स्मृतीच्या हाताळणीतील चुकांना वाव कमी आहे, आणि हे दोन्ही लाभ खरे आहेत. पण दोन्ही प्रोग्राम सेटयूआयडीच आहेत, आणि वारशाने येणारा वर सांगितलेला पसारा दोन्हींच्या वाट्याला तसाच येतो.

पर्यायी तत्त्व एका वाक्यात मांडता येते: प्रक्रियेने स्वतःचे अधिकार कधीही वाढवायचे नाहीत, तर आधीपासून अधिकार असलेल्या दुसऱ्या प्रक्रियेकडे विनंती करायची. विनंती स्वीकारणारी प्रक्रिया यंत्र सुरू होतानाच स्वच्छ परिस्थितीत जन्मलेली असते, आणि विनंती करणाऱ्याकडून तिला मिळतो तो फक्त सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रक्रियांमधील संवादाच्या जोडणीवरून, आलेला मजकूर. तपासायची जागा अशी एकच उरते.

हे तत्त्व सर्वांत नेटकेपणाने राबवले गेले ते प्लॅन ९ या बेल लॅब्सच्याच ऑपरेटिंग सिस्टममध्ये. तिथे रूट नाही आणि सेटयूआयडीही नाही. ओळख पटवण्याचे काम फॅक्टोटम नावाची वेगळी प्रक्रिया करते. ओळख पटली की यंत्राच्या मालकाच्या नावाने चालणारी प्रक्रिया ‘हा वापरकर्ता तो वापरकर्ता होऊ शकतो’ अशा परवान्याचा हॅश कॅपहॅश या डिव्हाइस फाइलमध्ये लिहिते, आणि परवाना मिळालेली प्रक्रिया मूळ मजकूर कॅपयूज या फाइलमध्ये लिहून आपली ओळख बदलते. कर्नल केवळ दोन्हींचा मेळ पाहतो, आणि परवाना एकदा वापरला की संपतो. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये अशी सोय नाही, परंतु विनंती, पडताळणी आणि अंमलबजावणी या तिन्हींची फारकत कशी असावी हे समजून घेण्यासाठी हा नमुना डोळ्यांसमोर ठेवणे फार उपयोगी पडते.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- प्रयोगासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन, आणि त्याचा स्नॅपशॉट घेण्याची सोय. प्रत्यक्ष वापराच्या यंत्रावर थेट सुरुवात करू नये.
- यंत्र सुरू करणारी आणि सर्व्हिस सांभाळणारी सिस्टमडी, २५६ किंवा त्यापुढील आवृत्ती, म्हणजे रूटचे काम करून देणारी रनझिरो ही कमांड उपलब्ध असेल. सिस्टमडी वापरत नसाल तर एस६ हा सर्व्हिस सांभाळणारा संच किंवा एसएसएच.
- पॉलकिट, म्हणजे कोणाला कोणत्या कामाची परवानगी आहे हे ठरवणारी सर्व्हिस, आणि त्याचा मदतनीस प्रोग्राम सॉकेटवरून चालतो की सेटयूआयडीने, याची माहिती.
- फाइंड, गेटकॅप आणि यूटिल-लिनक्स संचातील सेटप्रिव्ह या कमांड.
- रूटचा चालू असलेला पासवर्ड, आणि यंत्राच्या कन्सोलपर्यंत प्रत्यक्ष किंवा व्हर्च्युअल पोहोच.

१. परतीची वाट आधी राखा

कन्सोलवरून रूट म्हणून लॉगिन करून पाहा. लॉगिन हा प्रोग्राम कन्सोलवर वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या गेटीकडून, म्हणजे रूटच्याच प्रक्रियेकडून, सुरू होतो. त्यामुळे त्याला सेटयूआयडी बिट लागत नाही आणि बाकी सारे बिघडले तरी ही वाट खुली राहते. मात्र उबुंटूसारख्या वितरणांत रूटचा पासवर्ड मुळात बंद ठेवलेला असतो. तो तसाच ठेवून सुडोचा बिट काढला तर कन्सोलवर शिरता येणार नाही, आणि काही वितरणांत रेस्क्यू मोडही उपयोगी पडणार नाही. म्हणून पासवर्ड आधी ठरवून घ्या. पुढचे सर्व टप्पे पूर्ण होईपर्यंत एका टर्मिनलमध्ये रूटचे शेल उघडे ठेवा.

२. मोजदाद करा

फाइंड कमांडने मूळ डिरेक्टरीपासून साध्या फाइली शोधा आणि परमिशनच्या निकषात तिरकी रेघ देऊन ६००० हा आकडा द्या. सेटयूआयडी बिटाची किंमत ४००० आणि फाइलच्या गटाचे अधिकार देणाऱ्या सेटजीआयडीची २००० असते, आणि तिरक्या रेघेचा अर्थ ‘यांपैकी कोणताही’ असा होतो. एक्सडेव्ह हा पर्याय दिला तर शोध एकाच फाइलसिस्टमपुरता राहतो, म्हणून प्रत्येक माउंटवर तो स्वतंत्रपणे चालवा.

एवढ्यावर थांबणे ही नेहमीची चूक आहे. फाइलला जोडलेल्या केपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकाराचे सुटे भाग, या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी गेटकॅप कमांड रिकर्सिव्ह पर्यायासह चालवावी लागते. सेटयूआयडी बिट काढून त्याजागी कॅप-सेटयूआयडी, कॅप-सिस-अ‍ॅडमिन किंवा कॅप-डॅक-ओव्हरराइड यांसारखी केपॅबिलिटी चिकटवली तर वारशाचा प्रश्न तसाच राहतो आणि अधिकारही जवळजवळ रूटइतकाच राहतो. यादी कोरी दिसते, एवढाच काय तो फरक.

३. बिट न काढता तालीम करा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते नवख्यांसाठी सर्वांत मोलाचा हाच आहे. कर्नलमध्ये ३.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘नो न्यू प्रिव्हिलेजेस’ हा ध्वज आहे. तो प्रक्रियेवर एकदा लावला की काढता येत नाही, तिच्या सर्व अपत्य प्रक्रियांना तो लागू होतो, आणि त्यानंतर एखादा सेटयूआयडी प्रोग्राम चालवला तरी त्याला वाढीव अधिकार मिळत नाहीत. फाइलच्या केपॅबिलिटीही तसाच अडथळा अनुभवतात.

सेटप्रिव्ह कमांडला नो-न्यू-प्रिव्ह्ज हा पर्याय देऊन एक शेल सुरू करा आणि रोजची कामे त्या शेलमधून करून पाहा. ध्वज लागला आहे की नाही हे प्रॉक फाइलसिस्टममधील त्या प्रक्रियेच्या स्टेटस फाइलमध्ये दिसते. त्या ओळीपुढे १ असायला हवा. अशा शेलमध्ये सुडो चालवले तर ध्वज लावलेला असल्यामुळे रूट म्हणून चालता येत नाही, असा स्पष्ट संदेश तो देतो. जे जे अडते ते लिहून ठेवा. यंत्रावर काहीही बदललेले नसते, शेल बंद केले की सारे पूर्ववत, आणि तरीही तुमच्या वापराला खरोखर लागणाऱ्या प्रोग्रामांची यादी हाती येते.

४. यादीचे वाटप करा

पहिल्या गटात ज्यांची गरजच नाही असे प्रोग्राम येतात. सीएचएफएन आणि सीएचएसएच क्वचितच लागतात. न्यूजीआरपीऐवजी पुन्हा लॉगिन करता येते. एसएसएच-कीसाइन फक्त होस्टच्या ओळखीवर आधारलेल्या लॉगिनसाठी लागतो आणि ती पद्धत बहुतेक ठिकाणी बंदच असते.

दुसऱ्या गटात कर्नलने किंवा एखाद्या सर्व्हिसने ज्यांचे काम आधीच उचलले आहे असे प्रोग्राम येतात. पिंगसाठी पिंग-ग्रुप-रेंज या सिसकंट्रोलने, म्हणजे कर्नलच्या सेटिंगने, विशिष्ट गटांना आयसीएमपी सॉकेट उघडण्याची मुभा देता येते. १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी सॉकेट सिस्टमडीने उघडून सर्व्हिसच्या हवाली करावे. काढता येण्याजोग्या डिस्कसाठी यूडिस्क्स आहे, आणि कायमच्या माउंटसाठी ऑटोमाउंट युनिट. बिट काढल्यावर एफएसटॅब या माउंटच्या यादीतील ‘यूजर’ हा पर्याय निष्प्रभ होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

तिसरा गट म्हणजे ज्यांना खरोखर पर्यायी दार उभारावे लागते ते: एसयू, सुडो, पीकेएक्झेक, पासडब्ल्यूडी, आणि पासवर्ड तपासणारा युनिक्स-चेकपीडब्ल्यूडी. रूटलेस कंटेनर वापरत असाल तर न्यूयूआयडीमॅप आणि न्यूजीआयडीमॅप हेही याच गटात येतात.

एक सूचना येथेच देतो. ब्राउझरचे सँडबॉक्स सहसा यूजर नेमस्पेसवर, म्हणजे साध्या वापरकर्त्याला स्वतःपुरते वेगळे अधिकारक्षेत्र देणाऱ्या कर्नलच्या सोयीवर, चालतात आणि ते उपलब्ध नसतील तेव्हा सेटयूआयडी मदतनीसाकडे वळतात. सुरक्षेसाठी म्हणून यूजर नेमस्पेस सरसकट बंद केले, तर सेटयूआयडी काढण्याचा तुमचा निर्णय त्याच्या आड येईल. दोन्हींपैकी काय ठेवायचे हे आधी ठरवा. माझा कल नेमस्पेस ठेवण्याकडे आणि त्याचा वापर ठराविक प्रोग्रामांपुरता मर्यादित करण्याकडे आहे.

५. प्रशासकासाठी दार निवडा

रनझिरो ही कमांड सिस्टमडी २५६ बरोबर जून २०२४ मध्ये आली. ती स्वतः कोणतेही अधिकार घेत नाही. ती पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेला, म्हणजे सिस्टमडीला, तात्पुरती सर्व्हिस सुरू करण्याची विनंती करते. सिस्टमडी पॉलकिटला विचारतो. आणि परवानगी मिळाली की नवी प्रक्रिया सिस्टमडीपासून जन्मते, तुमच्या शेलपासून नाही. तिला स्वतंत्र आभासी टर्मिनल मिळते, त्यामुळे एकाच टर्मिनलवर दोन वेगळ्या अधिकारांच्या प्रक्रिया बसल्याने होणारी घुसखोरीही टळते. टर्मिनलची पार्श्वभूमी लालसर होते, आणि आपण रूट आहोत याची ती चांगली आठवण ठरते.

याचाच परिणाम म्हणून तुमचे एन्व्हायर्नमेंट नव्या प्रक्रियेत जात नाही. सुडोला एन्व्हायर्नमेंट जपण्याचा पर्याय देऊन लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट त्यामुळे अडतात. लागणारे व्हेरिएबल सेटएनव्ह या पर्यायाने एकेक नावानिशी द्या. ‘सगळे पाठव’ अशी पळवाट शोधू नका, कारण मग सारा खटाटोप व्यर्थ जातो.

रनझिरोचा सर्वांत फसवा सापळा पॉलकिटमध्ये आहे. पासवर्ड विचारणारा एजंट तुमच्या सत्रात चालतो आणि पासवर्ड पडताळण्यासाठी पॉलकिट-एजंट-हेल्पर नावाचा प्रोग्राम बोलावतो. हा मदतनीस परंपरेने सेटयूआयडी असतो. यादीतील सर्व बिट एका झटक्यात काढले, तर रनझिरोच पासवर्ड तपासू शकत नाही. पॉलकिटच्या अलीकडील आवृत्त्यांत हा मदतनीस सॉकेटवरून सिस्टमडीतर्फे सुरू करण्याची सोय आली आहे. तुमच्या वितरणात ते सॉकेट युनिट आहे का ते पाहा आणि नसेल तर तूर्त एवढा एक बिट राहू द्या.

एसएसएच हा दुसरा मार्ग. फक्त लूपबॅक पत्त्यावर ऐकणारा एसएसएचडी स्वतंत्रपणे चालवा, रूटला पासवर्डने लॉगिन करण्यास मज्जाव करा आणि कीनेच प्रवेश द्या. एसएसएचडी रूट म्हणून जन्मतो आणि ओळख पटल्यावर अधिकार खाली उतरवतो, म्हणून त्यालाही बिट लागत नाही. ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये प्रत्येक कीपुढे ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून सर्व जादा सोयी बंद करा आणि एखादी की एकाच कामासाठी असेल तर ‘कमांड’ या पर्यायाने ते काम तिला बांधून टाका. सापळा असा की पासफ्रेझ नसलेली की घरच्या डिरेक्टरीत ठेवली, तर त्या वापरकर्त्याच्या नावाने चालणारा प्रत्येक प्रोग्राम रूट झाला असे समजावे. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, हार्डवेअर कीचा आधार आहे आणि तीत प्रत्येक वेळी बोटाने स्पर्श करावा लागतो. या मार्गाने जायचे असेल तर तीच वापरावी, असे माझे मत आहे.

सिस्टमडी नसलेल्या यंत्रांसाठी एस६ संचातील एस६-सुडोडी आणि एस६-सुडोसी ही जोडी आहे. पहिला रूटच्या बाजूने युनिक्स सॉकेटवर बसतो, दुसरा वापरकर्त्याच्या बाजूने आपले अर्ग्युमेंट आणि तीन प्रमाणित डिस्क्रिप्टर त्याच्याकडे पाठवतो. कोणाला आत घ्यायचे हे सॉकेटच्या परवानग्यांवर आणि त्यापुढील नियमांवर ठरते. रचना लहान आहे आणि एका बैठकीत वाचून समजते.

यांपैकी कोणताही मार्ग निवडला तरी एक मर्यादा मान्य करावी लागते. प्रशासकाचे स्वतःचे खातेच आक्रमकाच्या ताब्यात गेले असेल, तर तो बनावट कमांड पुढे करून पासवर्ड मिळवू शकतो, आणि सेटयूआयडी काढल्याने त्याला आळा बसत नाही. बंद होते ती कोणत्याही साध्या खात्यातून, पासवर्डविना, एखाद्या त्रुटीच्या आधारे रूट होण्याची वाट.

६. ठराविक कामांसाठी लहान सर्व्हिस लिहा

पुष्कळदा लोकांना रूट व्हायचे नसतेच. त्यांना एकच काम करायचे असते, जसे बॅकअप सुरू करणे किंवा एखादी कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावणे. अशा कामासाठी रन डिरेक्टरीत एक युनिक्स सॉकेट ठेवा, त्याचा गट ठरवा, परवानगी ०६६० ठेवा आणि जोडणी येताच सुरू होणारी सर्व्हिस त्यामागे लावा. सुडोच्या नियमफाइलीत लांबलचक कमांड लिहून त्यांतील फटी शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित असते, कारण येथे वापरकर्ता कमांड निवडतच नाही. शिवाय या सर्व्हिसला पूर्ण रूट असण्याचीही गरज नसते. केपॅबिलिटीची कमाल मर्यादा आखून द्या, फाइलसिस्टम केवळ वाचण्यायोग्य करा, तात्पुरती डिरेक्टरी खासगी ठेवा. हे सारे युनिट फाइलमध्ये काही ओळींत होते.

सर्व्हिस लिहिताना तीन गोष्टींची फार काळजी घ्या.

विनंती करणारा कोण आहे हे त्याने पाठवलेल्या मजकुरावरून कधीही ठरवू नका. कर्नलकडे एसओ-पीअरक्रेड या सॉकेट पर्यायाने विचारा. तो जोडणी झाली त्या वेळचे यूआयडी, जीआयडी आणि पीआयडी सांगतो.

त्यांतील पीआयडीवर कोणताही निर्णय उभा करू नका. पीआयडी पुन्हा वापरले जातात, आणि तपासणी व कृती यांच्या दरम्यान त्या क्रमांकामागे दुसरीच प्रक्रिया उभी असू शकते. पॉलकिटमध्येही २०१३ साली याच प्रकारची त्रुटी सापडली होती.

वापरकर्त्याने दिलेला फाइलचा पत्ता रूट म्हणून उघडू नका. त्याजागी सिमलिंक ठेवली असेल तर तुमची सर्व्हिस त्याच्या वतीने भलतीच फाइल वाचेल किंवा पुसेल. फाइल त्यानेच स्वतःच्या अधिकारात उघडावी आणि उघडलेला डिस्क्रिप्टर सॉकेटवरून पाठवावा. म्हणजे जी फाइल त्याला उघडता येत नाही ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. विनंतीचा बाकी मजकूर शक्य तितका छोटा ठेवा, ठरलेल्या शब्दांच्या यादीशी ताडून पाहा, आणि जुळला नाही तर जोडणी तोडा.

७. पॉलकिटचे नियम जपून लिहा

पॉलकिटचे नियम ईटीसीखालील पॉलकिट-१ डिरेक्टरीच्या रूल्स-डी विभागात जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जातात. पासवर्ड वारंवार विचारला जातो म्हणून एखाद्या गटाला ‘मॅनेज-युनिट्स’ या कृतीची सरसकट परवानगी देण्याचा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे नक्की मिळेल. तो पाळू नका. त्या एका कृतीत तात्पुरती सर्व्हिस रूट म्हणून सुरू करणेही येते, त्यामुळे तो गट पासवर्डविना रूट होतो आणि नियम वाचून ते चटकन लक्षातही येत नाही. नियमात युनिटचे नाव आणि क्रिया, म्हणजे सुरू करणे की थांबवणे, या दोन्ही तपासा आणि नेमक्या जोडीलाच होकार द्या. नियम लिहून झाला की परवानगी नसलेल्या खात्यातूनही तो तपासा. होकार मिळतो हे पाहणे सोपे असते, नकार मिळतो हे मुद्दाम पाहावे लागते.

८. पासवर्ड बदलणे आणि तपासणे

हा सर्वांत अवघड भाग आहे. सर्वांच्या पासवर्डचे हॅश शॅडो या एकाच फाइलमध्ये असतात, म्हणून स्वतःची एक ओळ बदलण्यासाठी संपूर्ण फाइलवर अधिकार लागतो. ओपनवॉल लिनक्सने याचे फार सुंदर उत्तर दिले होते: प्रत्येक वापरकर्त्याची शॅडो फाइल वेगळी, त्याच्याच मालकीची, टीसीबी नावाच्या डिरेक्टरीत. डिसेंबर २०१० मधील त्याची ३.० ही आवृत्ती मूळ मांडणीत एकही सेटयूआयडी प्रोग्राम न ठेवता आली होती.

आजच्या यंत्रांवर पर्याय असे आहेत. खाती केंद्रीय असतील, उदाहरणार्थ कर्बेरोसवर, तर पासवर्ड जाळ्यावरूनच बदलतो आणि स्थानिक बिट लागत नाही. सिस्टमडी-होमडीची खाती असतील तर होमसीटीएल हे काम सर्व्हिसमार्फत करते. ओपनसुसे गटात घडवल्या जात असलेल्या अकाउंट-यूटिल्स या संचात पासवर्ड वाचणे आणि बदलणे या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र सर्व्हिस आहेत. मोजक्या वापरकर्त्यांच्या सर्व्हरवर पासवर्ड फक्त प्रशासकाने बदलायचा, एवढा साधा नियमही पुरतो.

तपासण्याचे काम मात्र विसरू नका. स्क्रीन लॉक हा प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि पासवर्ड पडताळण्यासाठी पॅम या ओळख पडताळण्याच्या चौकटीमार्फत युनिक्स-चेकपीडब्ल्यूडीकडे जातो. काही वितरणांत तो सेटयूआयडी असतो, काहींत शॅडो गटाचा सेटजीआयडी. त्याचा बिट काढला आणि स्क्रीन लॉक झाली, तर बरोबर पासवर्ड देऊनही ती उघडणार नाही. डेस्कटॉपवर हा बिट सर्वांत शेवटी काढा.

९. बिट काढा आणि ते काढलेलेच राहतील असे पाहा

एकेक प्रोग्राम घ्या, बिट काढा, त्यावर अवलंबून असलेले काम तपासा, मग पुढच्याकडे वळा. प्रोग्राम पुसण्याची गरज नसते. रूटच्या हातात माउंट बिटाशिवायही पूर्वीसारखेच चालते. रूटवरून साध्या वापरकर्त्यावर उतरण्यासाठी एसयूऐवजी रनयूजर किंवा सेटप्रिव्ह वापरा.

नुसते सीएचमॉड करून थांबलात तर पॅकेजच्या पुढच्या अद्ययावतीकरणात बिट परत येतो, आणि कोणताही इशारा न देता येतो. डेबियन आणि त्यावर आधारित वितरणांत डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड या कमांडने नवी परवानगी नोंदवा; ती पुढेही पाळली जाते. ओपनसुसेमध्ये परमिशन्स-लोकल ही फाइल आहे. आर्चमध्ये पॅकमनचा हुक लिहावा लागतो. आरपीएमवर चालणाऱ्या इतर वितरणांत इतकी सरळ सोय नाही, म्हणून तिथे पुढच्या टप्प्यावर अधिक भिस्त ठेवा. कोणतेही वितरण असो, दुसऱ्या टप्प्यातील शोध टायमरवर लावून मंजूर यादीशी रोज ताडत राहा.

१०. कर्नलकडून कुलूप लावा

होम, टेम्प, व्हार-टेम्प आणि डेव्ह-एसएचएम या माउंटना नोएसयूआयडी पर्याय द्या. जिथे साधा वापरकर्ता लिहू शकतो तिथे ठेवलेल्या फाइलवरील बिट यामुळे निरर्थक ठरतो, आणि फाइलच्या केपॅबिलिटीही.

त्यानंतर सिस्टमडीच्या सिस्टम-कॉन्फ फाइलमध्ये नो-न्यू-प्रिव्हिलेजेस चालू करता येते. मग पहिल्या प्रक्रियेपासून खाली सगळ्यांवर ध्वज लागतो आणि एखादा बिट नकळत परत आला तरी तो कामी येत नाही. हा ध्वज फक्त प्रोग्राम सुरू होताना मिळणारे वाढीव अधिकार रोखतो. रूटच्या प्रक्रियेने स्वतःहून खाली उतरणे त्यात अडत नाही, म्हणून लॉगिन आणि एसएसएचडी नेहमीसारखे चालतात.

एसईलिनक्स, म्हणजे प्रत्येक प्रक्रियेला धोरणाने ठरवलेल्या डोमेनमध्ये बांधून ठेवणारी कर्नलची यंत्रणा, असेल तर थांबून विचार करा. प्रोग्राम सुरू होताना होणारे डोमेनचे बदलही हा ध्वज अडवतो. धोरणात त्यासाठी खास परवानगी द्यावी लागते, आणि तिची सोय कर्नल ४.१४ पासून आहे. तयारी न करता ध्वज लावला तर सर्व्हिस चुकीच्या डोमेनमध्ये चालतील किंवा सुरूच होणार नाहीत.

संपूर्ण यंत्राऐवजी फक्त यूजर-अ‍ॅट या सर्व्हिसवर ध्वज लावून सुरुवात करण्याचा मोह होतो. त्यात वापरकर्त्याच्या सर्व्हिस आणि आधुनिक डेस्कटॉपचे बरेच प्रोग्राम येतात, पण एसएसएचने किंवा कन्सोलवरून उघडलेले शेल वेगळ्या सेशन स्कोपमध्ये असते आणि ते सुटते. त्यामुळे तपासताना दोन्हीकडून शिरून स्टेटस फाइलमधील ओळ पाहा.

११. नोंदी वाचण्याची सवय बदला

सुडोच्या काळात रूटची प्रक्रिया वापरकर्त्याच्या शेलखाली दिसायची, म्हणून प्रक्रियांच्या झाडावरून कोणी काय केले ते कळायचे. आता ती सिस्टमडीखाली किंवा तुमच्या सर्व्हिसखाली दिसेल. विनंतीची नोंद आणि अंमलबजावणीची नोंद जर्नलमध्ये वेगवेगळ्या असतात आणि त्या जोडून वाचाव्या लागतात. स्वतः लिहिलेल्या सर्व्हिसमध्ये विनंती करणाऱ्याचा यूआयडी, मागितलेले काम आणि दिलेला निर्णय या तीन गोष्टी प्रत्येक वेळी लिहा, नकार दिला तरीही.

१२. कंटेनरमध्ये

येथे काम सोपे आहे. इमेज तयार करताना शेवटच्या पायरीत सर्व सेटयूआयडी व सेटजीआयडी बिट काढून टाका, आणि डॉकर किंवा पॉडमनला नो-न्यू-प्रिव्हिलेजेस हा सुरक्षा पर्याय द्या. कुबरनेटीसमध्ये हेच काम कंटेनरच्या सिक्युरिटी-कॉन्टेक्स्टमध्ये अलाउ-प्रिव्हिलेज-एस्कलेशनला ‘फॉल्स’ दिल्याने होते. कंटेनर प्रिव्हिलेज्ड असेल किंवा त्याला कॅप-सिस-अ‍ॅडमिन दिलेली असेल तर ही मुभा कायम चालूच राहते, म्हणून आधी त्या दोन गोष्टी काढा आणि मगच या ओळीवर विसंबा.